गाऱ्हाण्याची कॅसेट

सुलक्षणा

रविवार असून घरात मासे शिजले नव्हते, त्यावरूनच सुलक्षणाला कळलं की नाना आज कुणाला सोडणार नाहीत. मुलुंडहून बस बदलत ती अंधेरीला माहेरी आली, तर वनमालावहिनी ओट्याशी भेंडी चिरत होती आणि त्या चिरण्याचासुद्धा भांडल्यासारखा आवाज येत होता. देवासमोर पाट मांडलेला. पाटावर तांदूळ, नारळ, पानाचा विडा. नाना धुवट धोतर नेसून भिंतीला टेकून बसलेले. थोरला भाऊ काशीराम खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून.

धाकटा यायचा होता. हे सगळं त्याच्यासाठीच मांडलं होतं.

खाली पानवाल्याकडे त्याचीच कॅसेट चालू होती. आधी त्याची गिटार, पण गिटारीसारखी नाही. प्रत्येक सूर लांबत, झणझणत, स्वतःच्याच मागे फिरत होता. मग नानांचा आवाज. गावच्या देवळात रवळनाथासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालतानाचा, तिच्या बापाचा आवाज.

'बा देवा म्हाराजा, माज्या थोरल्या झिलाच्या, काशीरामाच्या हाताक काम नाय. मालकाच्या मनात दया घाल, तेका परत आत घेवंदे...'

इथे गिटार थांबायची. नुसता म्हाताऱ्याचा आवाज. मग त्यातलं नाव तेवढं सुटून फिरायला लागायचं, काशीरामाच्या, काशीरामाच्या, काशीरामाच्या, आणि शेवटी सगळा गाव एका दमात म्हणायचा, 'व्हय म्हाराजा.'

मुलुंडला तिच्या शेजारणीने ही कॅसेट विकत आणली होती. सुलक्षणाने आधी मिरवून घेतलं. माझा भाऊ, माझे वडील. मग एकदा जेवताना तिने नवऱ्याला भाजी आणायला सांगितली, तर तो मान लववून म्हणाला, व्हय म्हाराजा, आणि मुलं खोखो हसली. त्या दिवसापासून ती कॅसेटीवर चिडलेल्या काशीरामदादाच्या बाजूची झाली.

नानांचं दुखणं वेगळं होतं. गावकऱ्यांच्या मुंबई मंडळाने निरोप धाडला होता की येत्या जत्रेला गाऱ्हाणं दुसऱ्या घरातला माणूस घालेल. बाजारात विकलेल्या गाऱ्हाण्याला देव कसा उभा राहणार? चार पिढ्यांचा मान एका कॅसेटीपायी गेला. म्हणून नानांनी ठरवलं होतं: धाकट्या विद्याधरने मूळ टेप आणायची, ती वर्सोव्याच्या खाडीत सोडायची, आणि या पाटासमोर सगळ्यांनी उभं राहून माफीचं नवं गाऱ्हाणं घालायचं.

"मी देवाकडे एकदाच मागलंय," नाना म्हणाले. "गाऱ्हाणां एकदाच घालूचा असता. ह्यो माज्या आवाजात दिवसभर मागत ऱ्हवता. देव काय बहिरो आसा?"

सुलक्षणा म्हणाली, तुम्ही तापू नका, विद्या माझं ऐकतो. त्यावर काशीराम खिडकीतूनच म्हणाला की विद्या

काशीराम

कुणाचंच ऐकत नाही. ऐकायचं काम लोकांचं, असं त्याला पहिल्यापासून वाटतं.

नाक्यावरची पोरं काशीरामला बघून 'व्हय म्हाराजा' ओरडायची ते त्याने सोसलं होतं. एकाच्या कानाखाली दिली होती, तेवढ्यावर ते मिटलं असतं. पण परवा अंधेरीच्या पुलावर धाकू भेटला. एकाच गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, दोघांनी उमेदीची वर्षं काढलेली. संप झाला तेव्हा दोघे एकत्र बाहेर पडले आणि नंतर बाकीचे माफी लिहून देऊन एकेक करत आत गेले तेव्हा हे दोघे गेले नाहीत. धाकू आता गोरेगावला कुणाच्या तरी गोदामावर रात्रपाळीचा पहारा करत होता. त्याने काशीरामला आपादमस्तक बघितलं.

"तुझा बाप मालकाकडे दया मागतो रे," तो म्हणाला. "टेपवर ऐकलं."

आणि गेला. येतो म्हणाला नाही, चहा घेऊ म्हणाला नाही.

काशीरामने हे घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर रडू आलं असतं, आणि रडायचं नव्हतं, कुणाला तरी मारायचं होतं.

विद्याधर आला तो खांद्यावर उघडी गिटार टाकून. केस पुढून गेलेले, मागून अजून मानेवर. त्याच्याबरोबर सुक्या बोंबलाचा वास आत आला, कारण तो राहायचा वर्सोव्याला, सरूबाई कोळणीच्या घरामागच्या शेडमध्ये, आणि तिची मासळी त्याच्या गिटारी बनवायच्या लाकडांशेजारीच वाळायची. गिऱ्हाईक तक्रार करायचं तेव्हा सरूबाई म्हणायची, वास लागतो तर आंब्याच्या पिटीच्या फळ्यांचा बाजा घे दुकानातून.

"टेप?" काशीरामने विचारलं.

"आणली नाही."

"मग ही कशाला आणलीस? वाजवून दाखवायला?"

एक विद्याधर, तीन तोंडांनी

यानंतर जे झालं ते भांडण होतं, पण बाहेरून कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं तिघं मिळून एका माणसाची हकिकत सांगताहेत आणि प्रत्येकाचा माणूस वेगळा आहे.

नाना सांगत होते ती अशी. गावचा फणस वादळात पडला. त्याचं लाकूड देवाच्या नव्या देव्हाऱ्यासाठी म्हणून मुंबईला आणलं. धाकटा तेव्हा एका सुताराकडे शिकत होता, त्याच्याकडे दिलं. त्याने त्याची गिटार केली. म्हणून या घरातले देव आज दुकानातल्या प्लायवुडात बसलेत. पुढचं सगळं त्याच लाकडातून आलं. देवाचं घर मोडून केलेलं वाद्य, ते कुणाचं भलं करणार?

सुलक्षणा सांगत होती ती अशी. जुहूच्या एका हॉटेलात कुणी गोरा आपली फुटकी गिटार टाकून गेला. सुताराच्या पोऱ्याने ती जोडली आणि जोडता जोडता वाजवायला लागला. मग माळा घातलेल्या, डोळे तारवटलेल्या पोरापोरींसमोर हा गावच्या जाखडी नाचाची गाणी म्हणायचा, एकच कडवं अर्धा-अर्धा तास, धुरात, आणि ती पोरं वाळूवर आडवी पडून ऐकायची. पेपरात फोटो आला एकदा. आई तेव्हा होती, तिने फोटो बघून विचारलं, ह्याचे केस कोणी कापीत नाय काय? मग सिनेमाच्या स्टुडिओत कामं मिळाली. मग डिस्को आला, विजेवरची एक पेटी दहा माणसांचं वाजवायला लागली, आणि विद्या परत शेडमध्ये जाऊन कॉलेजच्या पोरांच्या गिटारी बनवायला लागला. लग्न नाही, नोकरी नाही. मुली सांगून आल्या तेव्हा तिने कुठल्या तोंडाने काय सांगायचं होतं?

विद्याधर सांगत होता ती अशी, आणि ती सांगताना तो ओरडत होता. फणस नाना म्हणतात तसा नव्हता, आतून किडलेला होता, देव्हाऱ्याच्या फळ्या निघाल्याच नसत्या. गोऱ्याची गिटार त्याने जोडली हे खरं, पण तिचा आवाज त्याला आवडला नाही. वाजला की मरायचा. त्याला पाहिजे होता लहानपणी ऐकलेला आवाज. देवळात भजन संपायचं, माणसं उठून जायची, तो जमिनीला कान लावून झोपलेला असायचा आणि फरशी अजून गुणगुणत असायची. त्यासाठी त्याने तंबोऱ्यासारखी जवारी गिटारीला लावली. हाडाची पट्टी घासायची, तार ठेवायची, ऐकायचं, पुन्हा घासायची. एक घासणी जास्त झाली की पट्टी फुकट. कितीतरी फुकट गेल्या. गिटारी तयार झाल्या तरी घ्यायला कुणी येईना, आणि तो वाजवतो त्याला काय म्हणायचं हेही कुणाला ठरवता येईना. विलायती लोकांना ते देशी वाटायचं आणि देशी लोकांना नशेचं.

"चाळिशी उलटली माझी," तो म्हणाला. "ही एकच गोष्ट चालली. उद्या चंद्रप्रकाशला टेप द्यायचीय. त्याची कॅसेट कंपनी आता ती सगळ्या महाराष्ट्रात काढणार आहे. आणि तुम्हाला ती खाडीत टाकायचीय."

सुलक्षणा म्हणाली की मग नानांचा आवाज काढ आणि दे. तो हसला, वाईट हसला. निघत नाही. गावाहून भरून आणलेली टेप दुसऱ्या टेपवर उतरवताना त्याने गिटार वाजवली, दोन्ही एकमेकांत बसले. आणि मूळ टेप कापून, तिची दोन टोकं चिकटवून त्याने वेटोळं केलं, ते मशिनवर गरगर फिरवलं, म्हणून तर नाव फिरतं.

"माझं नाव," काशीराम म्हणाला. "माझं नाव कापून तू मशिनवर फिरवलंस."

तो एका ढांगेत विद्याधरपाशी आला. त्याने त्याचा शर्ट धरला, गिटारीची मान भिंतीवर आपटली आणि सगळ्या तारा एकदम वाजल्या. आणि ओट्याकडून

वनमाला

ती म्हणाली, "वाजू दे की ती कॅसेट."

तिच्या हातात विळी नव्हती, भेंडीचं देठ होतं, तरी सगळे तिच्याकडे विळी असल्यासारखे बघायला लागले.

इतके दिवस ती काही बोलली नव्हती. भल्या पहाटे ती आरेच्या दूध केंद्रावर जायची, बाटल्या मोजून द्यायची, आणि रांगेतल्या बायका विचारायच्या, तुझ्याच नवऱ्याचं ना गं ते गाणं? ती हो म्हणायची. त्यात लपवायचं काय होतं? हाताला काम नव्हतंच.

"नाना म्हणतात देवाकडे एकदाच मागायचं. मागितलं ना एकदा? काय दिलं त्याने? एकदा सांगून तर आमचा घरमालकपण नळ दुरुस्त करत नाही. भावोजींची टेप दिवसभर मागतेय, मागू दे. मला तर वाटतं आणखी जोरात लावावी."

"तू आत जा," काशीराम म्हणाला.

"आत कुठे? एकच खोली आहे."

सुलक्षणाला एकाएकी हसू आलं आणि तिने तोंडावर पदर घेतला. काशीरामने भावाचा शर्ट सोडला. आता तो बायकोवर ओरडणार असं सगळ्यांना वाटलं, वनमालालाही वाटलं. तिने तोंड तयार ठेवलं होतं. पण तो वळला तो बापाकडे.

"ह्याचं नंतर बघतो," तो म्हणाला. "नाना, तुम्हाला मालकाची दया मागायला मी सांगितलं होतं?"

मग त्याने पुलावरचा धाकू सांगितला. हळू सांगितला. तीन वर्षं आपण का बसलो, लिहून द्यायला का गेलो नाही, पोराची फी थकली तेव्हाही का गेलो नाही. गेलो असतो तर मिळालीच असती जागा, कुणाच्या दयेची गरज नव्हती, एक सही पुरत होती. ती केली नाही, तेवढीच एक गोष्ट आपल्याकडे शिल्लक होती. आणि बापाने देवळात उभं राहून अख्ख्या गावासमोर तीच देऊन टाकली. विद्याची चूक एवढीच की त्याने ती लोकांना ऐकवली.

वनमाला ऐकत राहिली. हे तिला त्याने कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं त्याला लाज वाटते म्हणून तो जात नाही. आता तिला त्याचा आणखी राग आला, कारण तीन वर्षं ती ज्या माणसावर दया करत होती त्याला ती नकोच होती. दुधाच्या बाटल्या उचलून तिचे हात गेले होते, आणि त्यातलं काही तरी तिला विचारून झालं होतं का?

नानांना मात्र यातलं काहीच

नाना

समजेना. आयुष्यात त्यांनी कधी मालक या शब्दाला राग जोडला नव्हता. मालक, देव, कामावर घेणारा जॉबर, पाऊस. यांच्याकडे मागायचं असतं, यांच्याशी भांडायचं नसतं. त्यांच्या बापाने त्यांच्यासाठी असंच मागितलं होतं, त्याच देवळात, आणि महिन्याभरात नाना गिरणीत लागले होते. मग मागण्यात पाप कुठलं?

"बाप मागता तेवा झिलाक इचारता?" ते म्हणाले. "माज्या बापाशीन माका इचारलेला?"

"विचारायला पाहिजे होतं."

"तुज्यासाठी मागलंय. माज्यासाठी नाय मागूक. माज्या गुडघ्यासाठीसुद्धा कधी मागूक नाय."

त्यांचा आवाज चढला होता आणि खालची कॅसेट अजून चालूच होती. दोन नाना एकदम बोलत होते, एक वर रागावलेला, एक खाली हात जोडलेला.

तेव्हा विद्याधर खाली बसला, गिटार मांडीवर घेतली, भिंतीवर आपटून कुठे चीर गेली ते अंगठ्याने चाचपलं आणि बापाकडे न बघता म्हणाला, "सगळ्यांसाठी मागितलंत. दादासाठी. सुलूच्या मुलांसाठी. वहिनीच्या पाठीसाठी. म्हशीसाठी मागितलंत, नाना, त्या टेपवर म्हैस आहे. मी ती टेप कितीदा ऐकली असेल. माझं नाव नाही."

नानांनी पाटावरचा नारळ उगाचच सरळ केला.

"म्हणून नव्हती वापरली," तो म्हणाला. "आवाज चांगला होता म्हणून वापरली. पण नाही हे खरं."

नानांना उत्तर सुचलं, पण ते तोंडातच राहिलं: तुझ्यासाठी काय मागायचं हे मला कधी कळलंच नाही. हे बापाने मुलाला सांगायचं नसतं. ते खोकले. मंडळाचा निरोप आल्यापासून त्यांना वाटत होतं की आपलं काहीतरी चोरलं गेलंय आणि ते परत आणायचंय. आता घरातला प्रत्येकजण तेच म्हणत होता, आणि सगळ्यांचं बोट

विद्याधर

नानांकडे होतं. त्याला ते बघवेना. बापावर रागावायला तो आला होता, बापाला चारी बाजूंनी घेरलेलं बघायला नाही. म्हणून तो एकदम म्हणाला की ठीक आहे, उद्या चंद्रप्रकाशला नाही म्हणून सांगतो, टेप जाळतो, खाडीत टाकतो, संपलं.

सुलक्षणा सुटल्यासारखी हसली. काशीराम नाही हसला.

"वा," तो म्हणाला. "म्हणजे उद्यापासून सगळीकडे सांगशील, दादापायी माझं बुडालं. नाना मला भिकारी करून मोकळे झाले, आता तू मला मारेकरी कर. मी तुला जाळ म्हटलंय?"

"मग काय करू? मघाशी तर शर्ट धरलास माझा."

"मला विचार."

विद्याधरने दात आवळले. मोठ्या भावाला त्याने कधी काही विचारलं नव्हतं. "बोल. काय करू?"

काशीराम पाटाच्या कडेला उकिडवा बसला. मग म्हणाला की आवाज निघत नाही ना, तर नको काढू. पण जिथे माझं नाव येतं, मालक येतो, दया येते, तिथे तुझं वाद्य वाजव. एवढं वाजव की नाव ऐकू आलं नाही पाहिजे. बुजव मला तिथे.

विद्याधरला वाटलं याने मुद्दाम तीच जागा निवडली. सगळ्या आयुष्यात त्याने तारांवरून हात उचलून घेतलेली ती एकच जागा होती. पंधरा वर्षं तो नुसता भरत आला होता, सुरावर सूर, घुमण्यावर घुमणं, थांबायची भीती वाटायची त्याला. आणि त्या ठिकाणी पहिल्यांदा त्याला कळलं होतं की आता आपण गप्प बसायचं. लोक त्या गप्प बसण्यासाठीच कॅसेट घेत होते. चंद्रप्रकाश त्या जागेला हात जोडायचा. ती भरली तर त्यात उरणार काय, आणि तो ती घेणार तरी का?

हे त्याने सांगितलं. शिव्या घालत सांगितलं. तुला काय कळतंय, साचे चालवलेस जन्मभर.

"नाही कळत," काशीराम म्हणाला. "नाव माझं आहे."

विद्याधरने गिटार उलटी करून भिंतीशी ठेवली. "भरतो," तो म्हणाला. "घाण करतो माझ्या हाताने. त्याने घेतली तर घेतली."

पाट

वनमाला म्हणाली, भात गार होतोय, जे काय घालायचं ते घाला.

सगळे उभे राहिले. समेट झाला म्हणून नाही, नारळ आणलेला होता म्हणून. सुलक्षणाने डोक्यावर पदर घेतला. भाऊ एकमेकांपासून लांब उभे राहिले, मध्ये वनमाला, ती दोघांकडेही बघत नव्हती. नानांनी नारळ ओंजळीत घेतला. गुडघा वाकत नव्हता, तरी वाकले आणि पुन्हा सरळ झाले.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले, आणि आवाज देवळातला झाला. "आज ह्या पाटार तुका बोलावलंय. माज्या धाकट्या झिलान, विद्याधरान, तुज्या दारातला गाऱ्हाणां बाजारात नेलां. चूक झाली आसात तर ती पदरात घे."

"व्हय म्हाराजा," सगळ्यात मोठ्याने विद्याधरच म्हणाला. त्याचा चेहरा मात्र संतापलेला होता. पहिल्यांदा नाव आलं, ते चुकीच्या खात्यात.

"आमच्या घराचो मान आमच्या घराक ऱ्हवांदे."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या काशीरामाक..."

नानांनी ठरवून म्हटलं की तोंडाला तशी सवय होती म्हणून म्हटलं, त्यांनाही सांगता आलं नसतं. थोरल्याचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं गाऱ्हाणं आजवर कधी संपलं नव्हतं.

"नाय म्हाराजा," काशीराम म्हणाला.

सुलक्षणाने दचकून त्याच्याकडे पाहिलं. गावात, देवळात, कुणाच्याही घरी, हे शब्द तिने कधी ऐकले नव्हते. गाऱ्हाण्यात नाही म्हणायला जागाच नसते. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी होय म्हणायचं, तेवढंच असतं. एक माणूस नाही म्हणाला तर नारळ फोडता येतो का, हेही कुणाला माहीत नव्हतं, कारण तसं कधी झालंच नव्हतं.

नाना नारळ धरून उभे राहिले. राग त्यांच्या मानेवर चढताना दिसत होता. आता हा नारळ ते पाटावर आपटतील, किंवा पोराच्या डोक्यात घालतील, असं वनमालाला वाटलं आणि ती अर्धं पाऊल पुढे झाली.

"मगे काय मागू?" नानांनी विचारलं.

विचारलं ते देवाकडे तोंड करूनच, खेकसून. पण विचारलं ते काशीरामला.

काशीरामने तोंड उघडलं. काय नको ते तो तीन वर्षं रोज सांगू शकला असता. त्याने वनमालाकडे पाहिलं. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"थांबा," तो म्हणाला. "आधी हिला विचारू दे."

"लवकर इचार," नाना म्हणाले. "माजे हात भरान इले."